टी ट्री, ओवा, लवंगेचे तेल आणि एमआरएसए: जखमेवर खरोखर उपयोग होतो का?

मासुंदाकाठ (ठाणे)

नमस्कार. आम्ही नौपाड्यात राहतो. माझे सासरे ७२ वर्षांचे असून त्यांना जवळजवळ २० वर्षांपासून मधुमेह आहे. नवी चप्पल चावल्याचे निमित्त होऊन त्यांच्या उजव्या पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी जखम झाली, आणि पायाला फारशी संवेदना उरलेली नसल्यामुळे ती चिघळेपर्यंत ना त्यांच्या लक्षात आली ना आमच्या. आधी दिलेल्या गोळ्यांनी फरक पडला नाही म्हणून सर्जननी पुवाचा नमुना कल्चरसाठी (प्रयोगशाळेत जिवाणू वाढवून ओळखण्यासाठी) पाठवला. अहवालात स्टॅफिलोकोकस ऑरियस या जिवाणूचे नाव आणि त्यापुढे ‘एमआरएसए’, म्हणजे मेथिसिलिन या प्रतिजैविकाला दाद न देणारा त्याचा प्रकार, असे लिहून आले. सेफॉक्सिटिन या प्रतिजैविकासमोर ‘आर’ (प्रतिरोधक) आहे. लिनेझोलिड, व्हँकोमायसिन आणि डॉक्सिसायक्लिन यांच्यासमोर ‘एस’ (औषध लागू पडेल) आहे. त्यानुसार डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या चालू झाल्या आहेत, नाकात लावायला म्युपिरोसिनचे मलम दिले आहे आणि एक दिवसाआड ड्रेसिंग होते.

आमच्या सोसायटीतील एक ताई इसेन्शियल ऑइल्स विकतात. त्यांचे म्हणणे असे की, जिवाणू प्रतिजैविकांना सरावतात पण तेलांना सरावत नाहीत, म्हणून टी ट्री तेल थेट जखमेवर घालावे आणि ओरेगॅनो तेलाचे चार थेंब कोमट पाण्यातून दिवसातून दोनदा पोटात द्यावेत. मी शंका काढली तेव्हा त्यांनी मोबाइलवर एक संशोधन-निबंध उघडून दाखवला. टी ट्री तेलाने एमआरएसए मरतो, असे त्यात स्पष्ट लिहिलेले होते आणि तो निबंध मला बनावट वाटला नाही. सासऱ्यांनी ओरेगॅनोची बाटली हातात घेऊन वास घेतला आणि विचारले, “आपल्या ओव्यात नाही असे हिच्यात काय आहे?” त्याचेही उत्तर मला देता आले नाही.

प्रश्न असा की, हा परिणाम खरा असेल तर डॉक्टर ही तेले का वापरत नाहीत? आणि गोळ्या चालू ठेवून जोडीला तेल वापरले तर निदान अपाय तरी नाही ना?

सूक्ष्मदर्शी (नेरूळ)

मी गेली अनेक वर्षे रुग्णनमुन्यांच्या कल्चरचे काम करते, म्हणून सविस्तर लिहिते. सर्वांत आधी महत्त्वाचे: जखमेवर तेल घालू नका आणि पोटात तर मुळीच देऊ नका. कारणे पुढे देते.

आपण पाहिलेला निबंध बहुधा खराच असावा. टी ट्री तेलाने एमआरएसएची वाढ थांबते हे १९९० च्या दशकापासून अनेक प्रयोगशाळांनी दाखवलेले आहे, आणि त्यासाठी लागणारे किमान प्रमाण साधारण ०.२५ ते ०.५ टक्के येते. त्यात आश्चर्य वाटण्याजोगेही काही नाही. मेथिसिलिन १९५९ मध्ये वापरात आले आणि १९६१ मध्ये इंग्लंडमध्ये त्याला न जुमानणारे जिवाणू सापडले. या जिवाणूंनी जी युक्ती साधली ती पेशीभित्तिका बांधणाऱ्या प्रथिनापुरती आहे. पेनिसिलिनच्या कुळातील औषधे ज्या प्रथिनाला चिकटतात त्याच्या जागी हे जिवाणू वेगळे, औषधाला दाद न देणारे प्रथिन वापरतात, आणि सेफॉक्सिटिनसमोरचा ‘आर’ आपल्याला नेमके तेवढेच सांगतो. तेलाचा हल्ला दुसरीकडेच असतो. टी ट्रीमधील टर्पिनेन-४-ऑल, ओव्यातील थायमॉल, ओरेगॅनोतील कार्व्हॅक्रॉल हे सारे मेदात विरघळणारे रेणू आहेत. ते पेशीच्या मेदमय पटलात घुसतात, पटल गळके होते, आतील पोटॅशियम झिरपून जाते आणि पेशी मरते. त्यामुळे साधा स्टॅफिलोकोकस आणि एमआरएसए यांच्यात तेलाला काहीच फरक जाणवत नाही. पण फरक तर फिनेललाही जाणवत नाही. ‘प्रतिरोधक जिवाणूही मरतो’ या वाक्याचे वजन किती, हे त्यावरून ठरवावे.

आता प्रमाणाकडे पाहू, कारण खरी मेख तिथेच आहे. व्हँकोमायसिनने एका मिलिलिटरमध्ये २ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून कमी प्रमाणात वाढ थांबवली तर आम्ही स्टॅफिलोकोकस ऑरियससमोर ‘एस’ लिहितो. टी ट्रीचे ०.२५ टक्के म्हणजे मिलिलिटरला सुमारे २,२०० मायक्रोग्रॅम. साधारण हजारपट! एवढे प्रमाण रक्तात आणायचे झाले तर ५ लिटर रक्तासाठी साडेबारा मिलिलिटर तेल जसेच्या तसे रक्तात उतरायला हवे, आणि ते केवळ रक्तातच राहील, चरबीत किंवा यकृतात जाणार नाही, असे मानावे लागेल. दुसरीकडे, लहान मुलांनी १० मिलिलिटरपेक्षा कमी टी ट्री तेल गिळल्यावर गुंगी येऊन त्यांना धड चालताही येईना, अशा घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेल्या आहेत. म्हणजे जिवाणू मरण्याच्या पातळीच्या पुष्कळ अलीकडेच माणसाला विषबाधा होते. औषध आणि जंतुनाशक यांच्यातील भेद हाच.

ओरेगॅनोच्या थेंबांचेही तसेच आहे. थायमॉल आणि कार्व्हॅक्रॉल ही सख्खी भावंडे आहेत, रेणूसूत्र एकच. माणसांना थायमॉल पोटातून देऊन रक्त तपासले गेले तेव्हा रक्तात मोकळा थायमॉल सापडलाच नाही. सापडला तो सल्फेट जोडलेला. शरीराने त्याला बाहेर टाकण्यासाठी आधीच बांधून ठेवलेले होते. अशा स्थितीत चार थेंबांतून पायाच्या अंगठ्यापर्यंत काय पोहोचणार?

आपल्या सासऱ्यांचा प्रश्न मात्र मला फार आवडला. उत्तर असे की, फारसे वेगळे काही नाही. ओव्याच्या तेलातील मुख्य घटक थायमॉल असतो आणि ओरेगॅनोतील कार्व्हॅक्रॉल त्याचाच भाऊ. तुर्भ्याच्या मसाला बाजारात जे पोत्यांनी मिळते ते इथे बाटलीत थेंबांनी विकले जाते, एवढेच.

घोडबंदरकर

वरील प्रतिसाद अभ्यासपूर्ण आहे, परंतु ‘नैसर्गिक’ म्हटले की ते खोडूनच काढायचे, हा सूर मला पटत नाही. माझ्या मुलीच्या चेहऱ्यावरील मुरुमांवर टी ट्रीच्या जेलचा चांगला गुण आला आणि ते त्वचारोगतज्ज्ञांनीच सुचवले होते. शिवाय या तेलांच्या चाचण्या माणसांवर झालेल्याच नाहीत, असे कुठे आहे? औषध कंपन्यांना झाडपाल्याचे पेटंट घेता येत नाही म्हणून हा विषय मागे राहतो, हेही कोणी तरी लिहायला हवे.

सूक्ष्मदर्शी (नेरूळ)

आपल्या मुलीला आलेला गुण मी नाकारत नाही. मुरुमांसाठी ५ टक्के टी ट्री जेल आणि ५ टक्के बेन्झॉइल पेरॉक्साइड हे मुरुमांवरचे नेहमीचे औषध यांची तुलना ऑस्ट्रेलियात १२४ रुग्णांवर झाली होती आणि ती १९९० मध्ये प्रसिद्ध झाली. दोहोंचाही उपयोग झाला. टी ट्रीचा परिणाम उशिरा दिसला, पण त्वचा कोरडी पडण्याचा त्रास बेन्झॉइल पेरॉक्साइडपेक्षा त्याने कमी झाला. मात्र यात तीन गोष्टी आहेत: त्वचा अखंड होती, तेल ५ टक्क्यांपर्यंत सौम्य केलेले होते आणि जिवाणू वरच्या थरात होते.

एमआरएसएवरही माणसांत चाचणी झालेली आहे, आणि ती मी मुद्दाम सांगते, कारण त्या ताईंच्या मोबाइलमध्ये ती बहुधा नसेल. ब्रिटनमध्ये अंगावर किंवा नाकात एमआरएसए बाळगणाऱ्या रुग्णांचे दोन गट केले गेले. एका गटाला नाकासाठी म्युपिरोसिन आणि अंगासाठी क्लोरहेक्सिडिन व सिल्व्हर सल्फाडायझिन असे नेहमीचे उपचार मिळाले. दुसऱ्याला टी ट्रीचे १० टक्के मलम आणि ५ टक्के अंगधावन मिळाले. २००४ मध्ये निष्कर्ष आले. नेहमीच्या उपचारांनी ४९ टक्के रुग्ण एमआरएसएमुक्त झाले आणि टी ट्रीने ४१ टक्के. हा फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने मोठा नव्हता, त्यामुळे टी ट्रीच्या बाजूने हे बरेच काही बोलते, असे मी प्रामाणिकपणे म्हणेन. नाकाचे आकडे मात्र वेगळे होते: म्युपिरोसिनने ७८ टक्के, टी ट्रीने ४७ टक्के. पुढे २०१३ मध्ये अतिदक्षता विभागातील रुग्णांना टी ट्रीच्या अंगधावनाने पुसून एमआरएसएची नवी लागण टळते का, हेही पाहिले गेले. साध्या बेबी सोपच्या तुलनेत म्हणावा असा फायदा दिसला नाही.

या चाचण्या त्वचेवर व नाकात राहणाऱ्या जिवाणूंबद्दल आहेत, खोल जखमेतील संसर्गाबद्दल नाहीत. जखमेत पू असतो, रक्तद्रव असतो, मृत ऊती असतात; तेल हे प्रथिनांना आणि मेदाला चिकटून बसते आणि जिवाणूंच्या वाट्याला थोडेच उरते. खाद्यपदार्थ टिकवण्यासाठी ही तेले वापरून पाहणाऱ्यांनाही हाच अनुभव येतो. परीक्षानळीतील द्रवात पुरणारे प्रमाण चीजमध्ये किंवा मांसात पुरत नाही, आणि वाढवत न्यावे तर पदार्थाला इतका वास येतो की तो तोंडी लागत नाही.

पेटंटच्या मुद्द्यात तथ्य आहे, पण तो अडसर ओलांडला गेल्याची उदाहरणेही आहेत. सर्पगंधा ही वनस्पती रक्तदाबावर उपयोगी पडते हे मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश नियतकालिकात मांडले, आणि जग तिच्याकडे वळले. चिनी वनस्पतीतून आर्टेमिसिनिन काढणाऱ्या तू यूयू यांना २०१५ मध्ये नोबेल मिळाले. दोन्ही ठिकाणी नेमके काय आणि किती द्यायचे हे ठरवता आले. तेलाच्या बाटलीत ते ठरत नाही, कारण पीक, हंगाम आणि ऊर्ध्वपातन यांनुसार घटक बदलतात. टी ट्रीसाठी आयएसओ ४७३० हे आंतरराष्ट्रीय मानक तरी आहे. बाजारातील इतर बाटल्यांवर आत काय किती आहे हे शोधून पाहा, क्वचितच सापडेल.

कोपरीचे जुने औषधविक्रेते

सूनबाई, मी काउंटरवर ४० वर्षे काढली, त्यामुळे दोन व्यावहारिक गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट अपायाची. आपल्या सासऱ्यांच्या पायाला संवेदना कमी आहे असे आपणच लिहिले आहे. टी ट्री, लवंग आणि दालचिनीची तेले सौम्य न करता लावली तर कातडी भाजल्यासारखी लाल होते आणि धडधाकट माणूस ‘झोंबते’ म्हणून लगेच धुऊन टाकतो. मधुमेही माणसाला झोंबणारच नाही. त्यातून बाटली जुनी असेल तर आणखी वाईट, कारण टी ट्री तेल हवा आणि उजेड लागून बिघडते आणि बिघडलेल्या तेलाने ॲलर्जी होण्याचा संभव वाढतो. निलगिरी आणि कापूर यांचे तर पोटात गेल्यावर झटके येतात. सर्दीसाठी ठेवलेली निलगिरीची बाटली पोरांनी तोंडाला लावली म्हणून धावत आलेले आईबाप मी पाहिलेले आहेत.

दुसरी गोष्ट गोळ्यांची. डॉक्सिसायक्लिन भरपूर पाण्याबरोबर घ्यावे आणि घेतल्यावर लगेच आडवे होऊ नये, नाहीतर अन्ननलिकेत जळजळ होते. दूध, कॅल्शियमच्या किंवा लोहाच्या गोळ्या त्याच वेळी घेऊ नयेत, कारण औषध त्यांच्याशी बांधले जाऊन कमी शोषले जाते. या वयात कॅल्शियमची गोळी बहुतेक घरांत चालूच असते. ‘औषध लागू पडत नाही’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी काहींचे कारण मला दुधाच्या पेल्यात सापडलेले आहे. तेलाची चौकशी करण्याआधी हे एकदा पाहावे.

ऐरोलीचा विद्यार्थी

मी सूक्ष्मजीवशास्त्रात बीएस्सी करत आहे आणि मागील सत्रात आमच्या गटाचा प्रकल्प याच विषयावर होता. तुर्भ्याहून ओवा आणि लवंग आणून क्लेव्हेंजर या ऊर्ध्वपातनाच्या उपकरणावर तेल काढले. १०० ग्रॅम ओव्यातून जेमतेम अडीच मिलिलिटर मिळाले. प्रमाणित स्टॅफिलोकोकसच्या प्लेटवर ओव्याच्या तेलात भिजवलेल्या कागदी चकतीभोवती जिवाणू न वाढलेले एवढे मोठे वर्तुळ आले की शेजारच्या जेंटामायसिन या प्रतिजैविकाच्या चकतीचे वर्तुळ त्यापुढे लहान दिसत होते. आम्ही हर्षभरित झालो. मग स्यूडोमोनास या दुसऱ्या जिवाणूच्या प्लेटवर तेच तेल ठेवले, तर वर्तुळच नाही. आमच्या मॅडमनी दोन्ही निष्कर्षांवर लाल शाई मारली. असे का, हे मला अजूनही पूर्ण उमगलेले नाही. सूक्ष्मदर्शी मॅडम सांगू शकतील का?

सूक्ष्मदर्शी (नेरूळ)

तुमच्या मॅडमना माझा नमस्कार सांगावा.

चकतीची पद्धत पाण्यात विरघळणाऱ्या औषधांसाठी बेतलेली आहे. अगार, म्हणजे प्लेटमधील जेलीसारखे माध्यम, हे बहुतांशी पाणी. तेल त्यातून नीट पसरत नाही, उलट त्याची वाफ झाकणाखाली कोंडून सर्व प्लेटवर फिरते. त्यामुळे तुमचे मोठे वर्तुळ काही अंशी वाफेचे होते, आणि जेंटामायसिनचे वर्तुळ कदाचित त्याच वाफेने बिघडवले असेल. दोन वेगळ्या पदार्थांची वर्तुळे पट्टीने मोजून कोण बलवान हे ठरवता येत नाही, कारण जेंटामायसिनच्या चकतीत १० मायक्रोग्रॅम औषध असते आणि तुम्ही तेल १० मायक्रोलिटर जरी घातले असेल तरी ते सुमारे ९,००० मायक्रोग्रॅम भरते. पुढच्या वेळी द्रव माध्यमात टप्प्याटप्प्याने सौम्य करून पाहा, तेल मिसळण्यासाठी थोडे ट्वीन ८० घाला, फक्त ट्वीन घातलेली एक नळी तुलनेसाठी ठेवा आणि अनेक खळग्यांची सूक्ष्मपट्टी (मायक्रोप्लेट) वापरत असाल तर तिला झाकणपट्टी लावा, नाहीतर वाफ शेजारच्या खळग्यात जाऊन तेथील जिवाणू मारते आणि आकडा खोटा येतो. रुग्णाकडून आलेले प्रतिरोधक जिवाणू मात्र महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत आणू नका. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या संग्रहातून प्रमाणित वाण मागवता येतात.

स्यूडोमोनासची गोष्ट मूळ प्रश्नाशी थेट जोडलेली आहे. स्यूडोमोनाससारख्या ग्रॅम-निगेटिव्ह गटातील जिवाणूंना एक जादा बाह्यपटल असते आणि ते तेलकट रेणूंना अडवते. त्यातूनही जे आत शिरते ते स्यूडोमोनास पंपाने बाहेर फेकतो. हे पंप तेच, जे अनेक प्रतिजैविकांनाही बाहेर टाकतात. मेक्सएबी-ओपीआरएम हा पंप काढून टाकलेले वाण टी ट्रीच्या घटकांना अधिक बळी पडतात, असे प्रयोगांत दिसले आहे. तेव्हा ‘जिवाणू तेलांना सरावत नाहीत’ हे विधान टिकत नाही. काही जिवाणू मुळातच सरावलेले आहेत, आणि ज्या वाटेने ते प्रतिजैविकांपासून सुटतात तीच वाट तेलांपासून सुटण्यासाठीही वापरतात. मधुमेही पायाच्या जखमेत एमआरएसएच्या जोडीला असे ग्रॅम-निगेटिव्ह पाहुणे पुष्कळदा असतात, हे आमच्या टेबलावर रोज दिसते.

या तेलांवरचे संशोधन व्यर्थ आहे असे मात्र मी म्हणणार नाही. पंप अडवून जुन्या प्रतिजैविकाची धार परत आणता येईल का, मूत्रनलिकेवर जमणारा जिवाणूंचा चिकट थर सैल करता येईल का, या दिशेने काम चालू आहे. माऊथवॉशमध्ये थायमॉल, निलगिरीचा सिनिओल आणि मेन्थॉल कित्येक दशके आहेतच. तिथे ते गुळण्या करून थुंकून टाकायचे असतात.

वैद्य, कळवा

माझ्या क्षेत्राचे नाव वर कोणी घेतलेले नाही, परंतु विक्रेते ते हमखास घेतात, म्हणून लिहितो. आयुर्वेदातील सिद्ध तैल म्हणजे तिळाच्या किंवा तत्सम तेलात औषधी द्रव्यांचा कल्क (वाटलेला गोळा) व काढा आटवून केलेला कल्प (औषध). जात्यादी तैल हे व्रणासाठीचे सर्वपरिचित उदाहरण आहे. ऊर्ध्वपातनाने काढलेला अर्क आणि हे तैल एकच समजणे चूक आहे. ताकद वेगळी, मात्रा वेगळी. आणि सुश्रुतांनी व्रणाचे जे साठ उपक्रम सांगितले त्यांत छेदन (कापणे), लेखन (खरवडणे), शोधन (साफ करणे) हे आधी येतात, रोपण (भरून आणणे) नंतर. कुजलेला भाग काढला नाही तर वरून कोणतेही तैल घालून उपयोग नाही, हे शस्त्रक्रियातज्ज्ञही सांगतील आणि मीही सांगतो. आमच्याकडे असा रुग्ण आला तर आम्ही त्याची साखर आणि पायाचा रक्तपुरवठा पाहिल्याशिवाय जखमेला हात लावत नाही.

मासुंदाकाठ (ठाणे)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काका, कॅल्शियमची गोळी खरोखरच सकाळच्या नाश्त्यानंतर डॉक्सिसायक्लिनबरोबर चालू होती. डॉक्टरांना फोन करून विचारले आणि आता ती रात्री देतो. काल ड्रेसिंगच्या वेळी सर्जननी थोडा मृत भाग काढला आणि पायावर भार येऊ नये म्हणून वेगळे पादत्राण घ्यायला सांगितले. तेल लावलेले नाही. बाटली ताईंना परत केली, त्या थोड्या नाराज झाल्या.

एक शेवटची शंका. जखम पायाला आहे, मग मलम नाकात कशासाठी? सासरे रोज विचारतात आणि दोनदा त्यांनी ते लावायचे टाळले आहे.

सूक्ष्मदर्शी (नेरूळ)

स्टॅफिलोकोकस ऑरियसचे बिऱ्हाड नाकपुडीच्या पुढच्या भागात असते. निरोगी माणसांपैकीही साधारण ३० टक्के लोक त्याला तिथे बाळगून असतात आणि त्यांना त्याचा पत्ताही नसतो. बोट नाकाला लागते, तेच बोट पायाला लागते. जखम औषधाने साफ झाली आणि नाकातील साठा तसाच राहिला तर तोच जिवाणू पुन्हा तिथे पोहोचू शकतो. वर ७८ आणि ४७ टक्क्यांची जी तुलना दिली ती याच जागेची होती. हे मलम सहसा पाचच दिवसांचे असते, पण ते दिवस न चुकता पूर्ण करावे लागतात. दोन वेळा चुकले आहे हे डॉक्टरांना सांगून दिवस पुन्हा मोजायचे का, ते विचारून घ्या. आणि ड्रेसिंग बदलणाऱ्याने आधी व नंतर साबणाने हात धुवावेत. त्यासाठी साधा साबण पुरतो.